डॉक्टरांच्या पाटीवरची अक्षरे



या वार्तापत्रातून आपण उसाची लागण, खोडव्याची निगा, माती परीक्षण, तोडणीचा कार्यक्रम अशा विषयांवर नेहमी वाचत असता. या अंकात विषय जरा वेगळा आहे. पण तो आपल्या घरातलाच आहे.

बेणे आणायचे झाले तर आपण किती चौकशी करतो! जात कोणती, मळा कोणाचा, बेणे किती महिन्यांचे, डोळे फुगीर आहेत की नाही, सगळे पाहतो. खताच्या पोत्यावरची बारीक अक्षरेही चष्मा लावून वाचतो. पण घरच्या सुनेला किंवा लेकीला बाळंतपणासाठी ज्या दवाखान्यात नेतो, त्या दवाखान्याच्या पाटीवर डॉक्टरांच्या नावापुढे काय लिहिले आहे, ते किती जण वाचतात? "डॉक्टर म्हणजे डॉक्टर, अक्षराचं काय घेऊन बसले?" असे म्हणून आपण मोकळे होतो. या अक्षरांमागे काय असते आणि ती वाचता आली तर घरातल्या बाईचा जीव कसा वाचतो, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

साडेआठ वर्षांचे पीक

आडसाली ऊस पक्व व्हायला सोळा ते अठरा महिने लागतात. स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञ तयार व्हायला किती काळ लागतो, याचा हिशेब आता मांडू या.

बारावीनंतर प्रवेश परीक्षा. ती पार केली की एम.बी.बी.एस. ची साडेचार वर्षे. त्यानंतर एक वर्ष आंतरवासिता, म्हणजे रुग्णालयात निरनिराळ्या विभागांत प्रत्यक्ष काम. इथवर साडेपाच वर्षे झाली. या डॉक्टरांना प्रसूतीची मूलभूत माहिती असते, साधे बाळंतपण त्यांनी पाहिलेले व केलेलेही असते. पण ते अद्याप तज्ज्ञ नव्हेत.

यानंतर पुन्हा प्रवेश परीक्षा आणि मग स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्रात एम.डी. किंवा एम.एस. ची तीन वर्षे. एकूण साडेआठ वर्षे झाली. सरकारी महाविद्यालयात शिकलेल्यांना सरकारी सेवेचे बंधपत्रही पुरे करावे लागते. राष्ट्रीय परीक्षा मंडळाची डी.एन.बी. ही पदवी त्याच तोलाची आहे. जुन्या डॉक्टरांच्या पाटीवर डी.जी.ओ. अशी अक्षरे दिसतात. ती याच विषयातली दोन वर्षांची पदविका. आजवर लाखो बाळंतपणे या पदविकेच्या डॉक्टरांनी सुखरूप केली आहेत, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे.

ही शेवटची तीन वर्षे पुस्तकात नव्हे, प्रसूतिगृहात जातात. शिकाऊ डॉक्टर रुग्णालयातच राहतो, म्हणून त्याला निवासी डॉक्टर म्हणतात. दिवस-रात्रीचा भेद राहत नाही. कळा सुरू झालेल्या बाईच्या पोटावर हात ठेवून कळ किती वेळाने येते, किती टिकते, बाळाचे ठोके कळेनंतर सावरतात की मंदावतात, हे तासन्‌तास नोंदवायचे. त्यासाठी प्रसूतीचा आलेख नावाचा एक तक्ता असतो. त्यावर एक रेष सावध होण्याची आणि दुसरी कृती करण्याची आखलेली असते. बाळंतपणाची प्रगती पहिल्या रेषेच्या पलीकडे रेंगाळू लागली की डॉक्टर सावध होतो. दुसरीपर्यंत पोचली की निर्णय घ्यावाच लागतो.

निर्णय घेणे हेच या विद्येचे मर्म आहे. थांबायचे की चिमटा वा व्हॅक्यूम लावायचा, की लगेच सिझेरियन करायचे? विनाकारण पोट फाडले तर बाईला आयुष्यभराचा व्रण. थांबायला नको होते तिथे थांबले तर बाळ गुदमरते, नाहीतर गर्भाशय फाटते. आधी वरिष्ठांच्या शेजारी उभे राहून पाहायचे, मग त्यांच्या देखरेखीखाली करायचे, शेकडो वेळा केल्यावर एकट्याने जबाबदारी घ्यायची, असा हा क्रम आहे. हाताला हे वळण पडायला वर्षे जातात.

बाळंतपणानंतर रक्तस्राव सुरू झाला, तर एखाद-दुसऱ्या तासात धडधाकट बाई दगावू शकते. अशा वेळी गर्भाशय चोळून आवळायला लावणे, ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन, आतून फुग्याचा दाब, टाके आणि सगळे उपाय थकले तर जीव वाचवण्यासाठी गर्भाशय काढणे, ही पायरीपायरीची लढाई तज्ज्ञाला भराभर लढावी लागते. रक्तदाब वाढून गर्भवतीला झटके आले, तर मॅग्नेशियम सल्फेट नेमके किती व कसे द्यायचे, हे त्या क्षणी पुस्तक उघडून पाहता येत नाही.

या विद्येतली आपली माणसे

हे शास्त्र परदेशातून आले आणि आपण नुसते शिकलो, असा समज असेल तर तो खरा नाही. त्यात मराठी माणसांचा वाटा मोठा आहे.

कल्याणला जन्मलेल्या आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. पदवीसाठी त्यांनी लिहिलेल्या प्रबंधाचा विषय होता आपल्याकडचे प्रसूतिशास्त्र. त्यांचे स्वतःचे पहिले मूल जन्मल्यावर थोड्याच दिवसांत दगावले होते. त्या दुःखातून ही वाट निघाली, असे मानले जाते. पुढच्याच वर्षी, १८८७ च्या फेब्रुवारीत, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधीच त्या गेल्या. दवाखाना थाटणे त्यांच्या नशिबी नव्हते. पण बाई डॉक्टर होऊ शकते, हे त्यांनी साऱ्या देशाला दाखवून दिले.

गोव्यात जन्मलेले आणि मुंबईत नावाजलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी १९५५ साली एक शस्त्रक्रिया जगापुढे मांडली. काही स्त्रियांच्या गर्भाशयाचे तोंड कमजोर असते आणि चौथ्या-पाचव्या महिन्यात कळा न येताच ते उघडून मूल पडते. अशा बाईला पूर्वी घरोघर 'नशिबाची खोटी' म्हणत. शिरोडकरांनी त्या तोंडाला आवळून टाका घालण्याची पद्धत काढली. दिवस भरत आले की टाका सोडायचा. 'शिरोडकर टाका' या नावानेच ती जगभरच्या पुस्तकांत गेली. नशीब म्हणून सोडून दिलेल्या गोष्टीवर उपाय असतो, हा त्यातला धडा आहे.

सुवर्णपदकानंतरचे शिक्षण

तिसरे नाव आपल्या विदर्भातले आहे आणि त्यांची हकिगत जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे.

डॉ. राणी बंग या चंद्रपूरच्या कन्या. नागपूर विद्यापीठातून स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राची एम.डी. पदवी त्यांनी सुवर्णपदकासह मिळवली. पुढे पती डॉ. अभय बंग यांच्यासह अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले. १९८४ मध्ये ते पुरे करून हे दांपत्य मायदेशी परतले. एवढ्या पदव्यांवर मुंबई-पुण्यात बंगला आणि मोटार सहज झाली असती. पण त्यांनी निवडला गडचिरोली जिल्हा. चंद्रपूरपासून वेगळा होऊन हा जिल्हा १९८२ साली झाला होता. जंगलाचा, गोंड-माडिया वस्तीचा, रस्ते आणि दवाखाने दोन्ही कमी असलेला. तेथे त्यांनी 'सर्च' ही संस्था उभी केली.

तेथे आल्यावर डॉ. राणीताईंना एक गोष्ट जाणवली. बाई दवाखान्यात येते ती फक्त बाळंतपणाला नाहीतर कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेला. मधल्या वर्षांत तिला काय होते, हे ना ती सांगत, ना कोणी विचारत. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात जे रुग्ण येतात त्यांच्यावरूनच पुस्तके लिहिलेली. खेड्यातली जी बाई रुग्णालयात आलीच नाही, तिच्याबद्दल पुस्तक गप्प.

म्हणून त्यांनी दोन गावांतल्या बायांची, त्यांच्या संमतीने, गावातच तपासणी केली. एकूण ६५० स्त्रिया तपासल्या. निष्कर्ष १९८९ च्या जानेवारीत लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला. शंभरातल्या ९२ स्त्रियांना एक वा अनेक स्त्रीरोग होते. आणि त्यासाठी आधी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या शंभरात फक्त ८. आकडे वाचून जगातले तज्ज्ञ चकित झाले. खेड्यातल्या स्त्रीचे आरोग्य म्हणजे नुसते कुटुंबनियोजन नव्हे, हा विचार पुढे जगभर बळावला, त्यात या दोन गावांचा मोठा हात आहे.

शोधग्राम येथे संस्थेने दवाखाना बांधला, तोही लोकांना विचारून. आदिवासींना मोठ्या इमारतीची भीती वाटते, मग झोपड्यांसारखीच खोपटी बांधली. रुग्णासोबत नातेवाइकांना राहता येईल अशी सोय केली. नावही लोकांच्या देवीचे दिले, माँ दंतेश्वरी. गावातल्या सुइणींना हिणवले नाही, उलट त्यांना शिकवले आणि त्यांच्याकडून शिकूनही घेतले. २०१८ साली या दांपत्याला पद्मश्री मिळाली.

सुवर्णपदक मिळाल्यावरही शिक्षण संपत नाही, हे या हकिगतीतून दिसते. पदवीने हात तयार होतो. पण बाईने तोंड उघडून दुखणे सांगावे, यासाठी कान तयार करावा लागतो.

पिशवीचा प्रश्न आणि साखर कारखाने

आता जी गोष्ट लिहायची आहे ती साखर कारखान्याच्या वार्तापत्रात लिहिली नाही, तर दुसरीकडे कोठे लिहायची?

ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. बाईचा खाडा पडला तर कोयत्याचा खाडा, आणि खाडा पडला की पैसे कापले जातात. पाळीच्या चार दिवसांतही फडात वाकून तोडायचे, मोळी डोक्यावर घेऊन गाडी भरायची, न्हाणीघर नाही, पाणी नाही. अंगावरून पांढरे जाते, कंबर धरते, ओटीपोट दुखते. मग कोणीतरी म्हणते, "पिशवी खराब झाली, काढून टाक. एकदाची कटकट मिटली."

बीड जिल्ह्यातल्या अशा तक्रारी २०१९ साली विधिमंडळापर्यंत गेल्या. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे सहा बायांत एक. त्यानंतर त्या जिल्ह्यात अशा शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट आली.

गर्भाशय काढावे लागते, नाही असे नाही. कर्करोग असेल, मोठ्या गाठी असतील, औषधाने न थांबणारा रक्तस्राव असेल, अंग बाहेर येत असेल, तर ती शस्त्रक्रिया जीव वाचवते. पण पांढरे जाणे हे बहुतेक वेळा जंतुसंसर्गाचे दुखणे असते आणि ते औषधाच्या गोळ्यांनी बरे होते. नवऱ्यालाही सोबत औषध घ्यावे लागेल का, हे डॉक्टरांना विचारावे. तरुणपणी गर्भाशयासोबत अंडाशयेही काढली, तर पाळी एकाएकी कायमची जाते, अंगाची आग होते, हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. 'कटकट' मिटत नाही, दुसरी सुरू होते.

तेव्हा कोणी पिशवी काढायला सांगितली, तर आधी सोनोग्राफीचा व इतर तपासण्यांचा कागद मागून घ्यावा आणि दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये. त्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही. आपल्या फडात तोडीला येणाऱ्या बायाही कोणाच्या तरी लेकीबाळीच आहेत. तोडीच्या हंगामात त्यांच्यासाठी पाण्याची व आडोशाची सोय करणे आणि दुखणे सांगणाऱ्या बाईला एक दिवसाची सवड देणे, एवढे तरी प्रत्येक ऊस बागायतदाराच्या हातात आहे.

आपल्या पांढरकवड्याचे

पांढरकवडा हा मुळात पऱ्हाटीचा मुलूख. केळापूर तालुक्याचे हे ठाणे नागपूर-हैदराबाद महामार्गावर आहे. शेजारी घाटंजी, मारेगाव, झरी-जामणी. गोंड आणि कोलाम बांधवांचे पोड जंगलाच्या कडेकडेने विखुरलेले. पावसाळ्यात नाला आडवा आला की पोडावरून हमरस्ता गाठणे हीच पहिली परीक्षा. पांढरकवड्याला उपजिल्हा रुग्णालय आहे. गुंतागुंत वाढली तर यवतमाळचे श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय साठ-सत्तर किलोमीटरवर. हे महाविद्यालय १९८९ साली सुरू झाले. त्यापलीकडे सेवाग्राम आणि नागपूर.

एवढे अंतर कळा सुरू झाल्यावर कापायचे, की आधीच आठ दिवस नातेवाइकाकडे गावात येऊन राहायचे, याचा विचार सातव्या महिन्यातच झाला पाहिजे. बाईची पहिली खेप असेल, आधी सिझेरियन झाले असेल, जुळे असेल, उंची फार कमी असेल, रक्तदाब वाढलेला असेल किंवा रक्त कमी असेल, तर घरी बाळंतपणाचा हट्ट मुळीच धरू नये. गर्भवतीचे हिमोग्लोबिन अकराच्या खाली असेल तर रक्तक्षय समजतात आणि सातच्या खाली गेले तर ते गंभीर. विदर्भात अनेक समाजांत सिकलसेल आढळतो. म्हणून नवरा-बायको दोघांचीही ती तपासणी लवकर करून घ्यावी.

हातपाय-तोंडावर सूज, डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, अंगावर लाल जाणे, कळांआधी पाणी जाणे, बाळाची हालचाल कमी वाटणे, ताप, झटके, यांतले काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नये. "पाहू उद्या" या दोन शब्दांनी अनेक घरे उजाड केली आहेत.

पैशाची अडचण सांगणाऱ्यांसाठी: २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियनसुद्धा, औषधे, रक्त, जेवण आणि नेण्या-आणण्याची सोय विनामूल्य आहे. १०८ आणि १०२ या क्रमांकांवर गाडी मागवता येते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत गर्भवतींची विशेष तपासणी होते. ही योजना २०१६ पासून आहे. गावातल्या आशाताईंना हे सगळे ठाऊक असते. त्यांना विचारावे.

पाटी कशी वाचावी

शेवटी मुद्द्याचे. दवाखान्यात गेल्यावर खालील गोष्टी पाहाव्यात आणि संकोच न करता विचाराव्यात.

१. नावापुढे एम.डी., एम.एस., डी.एन.बी. वा डी.जी.ओ. आहे का? नुसते एम.डी. वा एम.एस. पाहून थांबू नये, पुढचा विषय वाचावा. हाडांचे डॉक्टरही एम.एस. असतात आणि आयुर्वेदातही एम.एस. आहे. विषय 'स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र' हवा.

२. वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक लावलेला आहे का? तो दवाखान्यात आणि औषधाच्या चिठ्ठीवर देणे डॉक्टरांना बंधनकारक आहे.

३. सिझेरियनची वेळ आली तर भूल देणारे डॉक्टर किती वेळात येतात? बाळाला पाहणारे डॉक्टर आहेत का?

४. रक्त लागले तर कोठून येते आणि किती वेळ लागतो? आपल्या घरातले दोघे रक्तदाते आधीच ठरवून ठेवावेत.

५. येथे जमले नाही तर पुढे कोठे पाठवतात? वेळेवर पुढे पाठवणारा डॉक्टर हा चांगला डॉक्टर, हे ध्यानात ठेवावे.

आणखी एक. मुलगा की मुलगी, हे कोणत्याही डॉक्टरांना विचारू नये. १९९४ च्या कायद्याने तो गुन्हा आहे.

२०१८ ते २० या काळातल्या सरकारी पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात लाख बाळंतपणांमागे ३३ माता दगावत होत्या. देशाचा आकडा ९७ होता. आपले राज्य पुढे आहे, ही समाधानाची बाब. परंतु त्या ३३ मधली एक जरी आपल्या पोडावरची, आपल्या गावातली असेल, तर त्या घराला सरासरीचे काय समाधान?

साडेआठ वर्षे खपून एक तज्ज्ञ तयार होतो. त्याच्यापर्यंत बाईला वेळेत पोचवणे हे काम मात्र कोणतेही महाविद्यालय शिकवत नाही. ते सासऱ्याने, नवऱ्याने, सासूबाईंनी करायचे आहे. सभासद बंधूंनी हा अंक वाचून झाल्यावर घरातल्या बायाबापड्यांना वाचून दाखवावा, आणि यंदा ज्यांच्या घरी पाळणा हलणार आहे त्यांनी तो बाळंतपण होईपर्यंत जपून ठेवावा, ही नम्र विनंती.